पाणी कोणाचे?

सज्जनहो, गोदावरीच्या वरच्या अंगास एका गावी कीर्तन झाले. बुक्का लावताना एक वृद्ध माळकरी आम्हास म्हणाले, “महाराज, तहानेल्याला पाणी पाजावे हे आम्हासही कळते. पण आमची पिके वाळतात आणि आमच्या धरणाचे पाणी खाली जायकवाडीला सोडतात. हा कुठला धर्म?” प्रश्न कळवळ्याचा होता, म्हणून येथे विचार करतो.

जायकवाडीचा जलाशय पैठणचा. त्याचे नावच नाथसागर. काशीची कावड रामेश्वरास नेत असता नाथांनी ती तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, हे आपण सारे जाणतो. २०१६ च्या चैत्रात असेच घडले. मांजरा धरण आटले, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. तेव्हा मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी. हा लोहमार्ग पंढरपुरावरूनच जातो, बरं का! ती कावड पांडुरंगाच्या दारावरून गेली.

कोणी म्हणेल, नाथांनी आपली कावड स्वखुशीने दिली. आमचे पाणी तर कायद्याने नेतात, मग हे दान कसले? खरे आहे, हे दान नव्हेच. धर्मशास्त्रात तळे बांधणाऱ्याने त्याचा ‘उत्सर्ग’ करावा असे सांगितले आहे. म्हणजे सर्व भूतमात्रांसाठी त्यावरील स्वामित्व सोडावे. त्यानंतर तोही त्यातले पाणी पितो, परंतु मालक म्हणून नव्हे, सर्वांतला एक म्हणून. स्वतः खणलेल्या तळ्याची ही कथा, तर मेघाने भरलेल्या नदीवर कोण मालकी सांगणार? खोऱ्याचे पाणी समन्यायाने वाटावे, असे २००५ चा कायदाही म्हणतो. तेव्हा खालच्यांना जातो तो त्यांचा वाटा.

मात्र घेणाऱ्यालाही धर्म आहे. गाढवाने तहान भागवली. नाथांच्या कावडीवर ऊस नाही लावला! आधी माणसाचा घसा, मग गुरांचा, मग पोटापुरते शेत, आणि उरले तर ऊस. वरच्याची ज्वारी करपावी आणि खालच्याचा ऊस डुलावा, हा समन्याय नव्हे. आपल्या शिवारात पडलेला पाऊस न अडवता दुसऱ्याच्या धरणाकडे बोट दाखवणे, हेही अधर्मच. शिवाय प्रत्येक धरणाच्या पोटात कोणाचे तरी घर, कोणाचे तरी ग्रामदैवत बुडालेले असते. ते ऋण विसरून पाणी सांडू नये.

हे आम्ही दुसऱ्यांना सांगतो आहोत काय? वारीच्या वाटेवर आपण टँकरचे पाणी पितो. आषाढीला चंद्रभागेत पुष्कळदा उजनीतून सोडलेल्या पाण्यात स्नान करतो. म्हणजे आपणही घेणारेच. तेव्हा मुक्कामी नळ उघडा दिसला, तर हातातला टाळ क्षणभर खाली ठेवावा आणि तो बंद करावा. त्या माळकऱ्यांनाही आम्ही एवढेच म्हणालो : बाबा, पाणी सोडताना हात आखडू नका, आणि खाली गेलेल्या पाण्याचा हिशेब मात्र जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे.

रामकृष्णहरि.