ठसा आणि ओळख

आपल्या भाषेत ‘ओळख’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, माणसाने माणसाला ओळखणे आणि दुसरा, आपण कोण हे पुराव्याने सिद्ध करणे. पहिल्या ओळखीला सहवास लागतो, दुसरीला यंत्र पुरते. आधार आल्यापासून या दोन अर्थांतले अंतर वाढत चालले आहे, असे आम्हाला वाटते.

शीव कोळीवाड्यासारखी वस्ती घ्या. मूळचे कोळी, फाळणीनंतर आलेले पंजाबी निर्वासित, पोटासाठी उत्तरेतून-दक्षिणेतून आलेले कामगार, सारे इथे शेजारी नांदतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या नावावर ना घर, ना वीजबिल. बँकेत खाते उघडायचे तर तो काय दाखवणार? देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला, तोही अशाच कागदहीन माणसाला ओळख मिळावी म्हणून. आपल्या समाजाला तर याचे मोल अधिक. एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, रेशनकार्डावर ‘महमद’ आणि मतदारयादीत नुसते ‘मो.’ असते. बोटाच्या ठशात शुद्धलेखनाची चूक होत नाही. हा फायदा नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पण ठशाचा इतिहासही विसरू नये. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. ठशांचे वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता, पद्धतीला नाव मात्र हेन्री साहेबांचे लागले. ती होती गुन्हेगार ओळखण्यासाठी. आज रेशनच्या रांगेतला प्रामाणिक माणूस त्याच ठशाने आपला खरेपणा सिद्ध करतो.

आणि बोट जुळले नाही तर? बर्फात मासळी निवडणारी कोळीण, धुणीभांडी करणारी बाई, सिमेंट कालवणारा गवंडी यांच्या बोटांवरच्या रेषा कष्टाने झिजतात. जो अधिक राबतो, त्यालाच यंत्र कमी ओळखते. दुकानदार त्या बाईला वीस वर्षे ओळखत असला, तरी शब्द यंत्राचाच चालतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०१८ मध्ये आधार वैध ठरवताना, ठसा जुळला नाही म्हणून कुणाचा लाभ डावलू नये, असेही बजावले. गंमत अशी, की दहा बोटे आणि दोन्ही डोळे देऊनही आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे कायदाच सांगतो. म्हणजे शरीर दिले, तरी कागदांची वणवण संपली नाही.

आपल्याकडे ‘अमानत’ हा शब्द घरोघरी माहीत आहे. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्यावरच जबाबदारी असते, ठेवणाऱ्यावर नाही. किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते, बोटे बदलता येत नाहीत. म्हणून ही अमानत पैशांपेक्षा जड आहे. ती फुटली, किंवा ज्या कामासाठी घेतली त्याहून वेगळ्या कामाला लावली, तर ती खयानतच.

तेव्हा यंत्र असावे की नसावे, हा आमचा प्रश्न नाही. यंत्र चुकले तर उपाशी कोणी राहायचे, हा आहे. जोवर त्याचे उत्तर ‘ज्याचे बोट झिजले तो’ असे आहे, तोवर यंत्र कितीही अचूक असले तरी व्यवस्था न्यायी म्हणता येणार नाही.