पाचातलं एकच कारण

आजचं वाचन: गीता, अध्याय १८, श्लोक १४ ते १६.

भगवंत सांगतात, माणूस शरीराने, वाणीने किंवा मनाने जे काही करतो त्यामागे पाच कारणं असतात. अधिष्ठान म्हणजे हे शरीर, मग कर्ता, इंद्रियं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. असं असताना जो एकट्या कर्त्याकडेच बोट दाखवतो, त्याला खरं दिसत नाही.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कुणी नसताना त्याला आवाज ऐकू यायचे. गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा मीच त्याला म्हणालो, "तुझं नाम कमी पडतंय. जप वाढव, गोळ्यांनी काय होणार?" त्याने ऐकलं. गोळ्या सोडल्या, माळ धरली. दीड महिन्यात त्याला ॲडमिट करावं लागलं. तिथे तो मला म्हणाला, "दादा, मी मनापासून केला रे जप."

त्यानंतर मी या आजाराबद्दल वाचायला बसलो. साधारण शंभरात एकाला तो होतो. सख्ख्या भावंडाला असेल, तर धोका दहात एकाच्या आसपास जातो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला, तर दुसऱ्याला होण्याची शक्यता जवळपास निम्मी. म्हणजे जनुकांचा वाटा मोठा आहे, पण सगळं त्यांच्यावर नाही. वेडाचं असं एकच जनुक नसतं. शेकडो जनुकांमधले बारीक फरक, जन्माच्या वेळची गुंतागुंत, लहानपणचे आघात, गांजासारखं व्यसन, यातलं कुणाच्या बाबतीत काय जुळून येईल ते सांगता येत नाही.

मग हे श्लोक पुन्हा वाचले. मेंदू हाही अधिष्ठानाचाच भाग. आई-वडिलांकडून कोणती जनुकं यावीत, हे भावाने निवडलं नव्हतं. पाच कारणांपैकी मी फक्त कर्ता बघितला आणि सगळा दोष त्याच्या माथी मारला. खरं तर दहातला तो एक मीही असू शकलो असतो. मी वाचलो, ही माझ्या नामाची कमाई नाही.

पण श्लोकात चेष्टाही आहेत, म्हणजे प्रयत्नाला जागा आहे. डॉक्टरांकडे जाणं, वेळेवर गोळी घेणं, घरच्यांनी टोमणे न मारणं, हे सगळं त्यातच आलं.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर "श्रद्धा कमी पडली" असं कृपा करून म्हणू नका. आणि डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला तर मुळीच सांगू नका. कुठे जावं कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

आमच्या घरी आता रात्री आधी गोळी, मग दोघांचा हरिपाठ. हा क्रम आईने लावलाय. कधी मी दमून तसाच झोपायला निघालो, तर भाऊच हाक मारतो, "दादा, हरिपाठ राहिला."

राम कृष्ण हरी!