डायरेक्ट सेकंड इयर म्हणे!

बस आधी. आणि ते चकचकीत माहितीपत्रक बाजूला ठेव, माझ्या नाकासमोर नाचवू नकोस. ‘डायरेक्ट सेकंड इयर’ म्हणे! ॲम्ब्युलन्सवर चार वर्षं काढलीस म्हणून नर्सिंगच्या डिप्लोम्याचं, जीएनएमचं, पहिलं वर्ष माफ, असं कुणी एजंट सांगतो आणि तू मान डोलावून परत येतोस? पॅरामेडिकच्या वर्गात माझ्या प्रत्येक वाक्याला आडवा प्रश्न विचारणारा तूच ना? तेव्हा जीभ बरी चालायची. त्या माणसासमोर ‘कुठल्या नियमानं?’ एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत?

मग मी सांगते नियम. पॅरामेडिकवरून नर्सिंगला मधूनच शिरायची वाट आपल्याकडे नाही. ना जीएनएमला, ना बीएस्सीला. अमेरिकेत काही कॉलेजांत असे ब्रिज कोर्स असतात आणि त्यांचे व्हिडिओ तू रात्रपाळीत बघत बसतोस, ते मला ठाऊक आहे. पण तुला शिकायचंय ते इथे, सणसवाडी-शिक्रापूरच्या पंचक्रोशीत. इथे जीएनएम म्हणजे इंग्रजीसह बारावी, किमान 40 टक्के, आणि पहिल्या दिवसापासून 3 वर्षं. बीएस्सी म्हणजे बारावी सायन्स, त्यात बायोलॉजी हवीच, खुल्या गटाला 45 टक्के, राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा आणि 4 वर्षं. पोस्ट बेसिक बीएस्सी 2 वर्षांत होतं खरं, पण ते जीएनएम होऊन कौन्सिलकडे नोंदणी झालेल्यांसाठी. तुझ्या डिप्लोम्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. एजंटानं सगळं एकत्र कालवून वाढलं आणि तू मुकाट्यानं भुरकलंस.

वर म्हणे, ‘नोकरी करत करत करा, हजेरीचं आम्ही बघतो.’ अरे, थिअरीला 80 टक्के हजेरी लागते आणि वॉर्डातलं प्रॅक्टिकल 100 टक्के भरल्याशिवाय डिप्लोमा हातात पडत नाही. आज जो तुझ्या हजेरीचं ‘बघतो’ आहे, तो उद्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये तुझ्या नोंदणीसाठी उभा राहणार आहे का? नोंदणी नाही तर तू नर्स नाहीस. गळ्यात कुठलंही ओळखपत्र लटकव, कायद्यानं तू कुणीच नाहीस. टोकन भरलंस ना? ते गेलं म्हण. त्याच्या मागे उरलेले पैसे घालू नकोस.

आता तोंड पाडू नकोस. पुढे जावंसं वाटतंय यात गैर काही नाही. 2014 पासून राज्यात 108 ॲम्ब्युलन्सची सेवा आली, पण तिच्या गाडीवर डॉक्टर नेमलेला असतो. मग तुझ्यासारख्यानं जायचं कुठे? खासगी कार्डिॲक ॲम्ब्युलन्स, नाहीतर कंपनीतला दवाखाना, ओएचसी. तिथे दहा वर्षांनीही तू ‘ॲम्ब्युलन्सवाला पोरगा’च. 2021च्या कायद्यानं तुमच्या कामाला स्वतंत्र आरोग्य व्यवसाय म्हणून मान्यता दिली, हे चांगलंच झालं. पण कायद्यातली ओळ पगारपत्रकात उतरायला वेळ लागतो, तेवढा वेळ तुझ्या घरच्यांकडे नाही. मला विचारशील तर तुमच्या अनुभवाचे चार गुण तरी नर्सिंगच्या प्रवेशाला धरायला हवेत. धरत नाहीत. जे नाही ते नाही.

‘मॅडम, माझा अनुभव!’ हे तू आल्यापासून तीनदा म्हणालास. चल, अनुभवाचंच बोलू. नगर रोडवर मध्यरात्री कंटेनरखालून माणूस काढणं, मान न हलवता बोर्डवर घेणं, वाघोलीच्या ट्रॅफिकमधून ऑक्सिजन सांभाळत पुण्याला पोचवणं, हे तुला येतं. दर 1 जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभापाशी लाखोंची गर्दी लोटते, त्या गर्दीत चक्कर आलेल्या म्हातारीपर्यंत स्ट्रेचर नेणं येतं. ते मी कमी लेखत नाही. पण मघाशी मी तुला काय विचारलं? 500 मिली सलाईन 8 तासांत द्यायचंय, सेट 20 थेंबांना 1 मिलीचा, मिनिटाला थेंब किती? तू मोबाइल काढलास. 500 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं. एकवीस. जीएनएमच्या पहिल्या वर्षाची, सतरा-अठरा वर्षांची पोरगी हे तोंडी सांगते, आणि तुला तेच वर्ष माफ करून हवंय!

तुझी चूक कुठे होते ते समजून घे. तुझ्या गाडीत पेशंट तासभर असतो. त्याचा श्वास चालू ठेवायचा, रक्त थांबवायचं, दवाखान्याच्या दारात नेऊन द्यायचा. तुझं काम संपलं. नर्सचं तिथून सुरू होतं आणि दिवसच्या दिवस चालतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते, मग फुटते, आणि अपघातातून वाचलेला माणूस बेडसोअरनं सडतो. पोटात किती गेलं, लघवी किती झाली, ते मिलीत मोजून लिहायचं. औषध देताना पेशंट तोच का, औषध तेच का, मात्रा, वेळ, मार्ग, सगळं दर वेळी तपासायचं, तोच पेशंट महिनाभर समोर असला तरी. तू कॅज्युअल्टीत हॅण्डओव्हर देतोस तो मी ऐकलाय. बीपी हातमोज्यावर पेननं लिहिलेलं, आणि सिस्टरनं ‘पेनकिलर किती वाजता दिलं?’ विचारलं की ‘मघाशीच.’ मघाशीच म्हणजे किती वाजता रे? ती पुढचा डोस कशाच्या हिशोबानं देणार?

आणि लाज कशाची वाटते, तेही आज बोलून टाक. पोरींच्या बाकावर बसायची? सत्तावीस वर्षांचा घोडा झालास म्हणून? जीएनएमला वयाची मर्यादा 35 आहे. लाजत बसलास तर तेही दार लागेल. की बेडपॅन उचलायची लाज वाटते? 1897च्या प्लेगात सावित्रीबाई फुले हडपसरच्या बाजूला, मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. प्लेग त्यांनाही लागला आणि 10 मार्चला त्या गेल्या. इथून काही कोसांवरची गोष्ट आहे ही. रोगी उचलून आणणं आणि त्याची घाण काढणं, दोन्ही त्या एकाच हातांनी करत होत्या. त्यातलं अर्धं तुला चालतं, अर्धं चालत नाही?

बाळंतपणाचा विषय मुलग्यांना कशाला, असं तू मागे एकदा म्हणाला होतास. अभ्यासक्रमात मिडवायफरी आहे आणि ती तुलाही चुकणार नाही. शिकून घे. उद्या शिक्रापूरच्या पुढे गाडीतच कुणी अडली, तर मुलगा म्हणून खाली उतरून उभा राहणार आहेस?

सरकारी नोकरीचं म्हणशील, तर डोळे उघडे ठेवून जा. एम्सच्या नर्सभरतीच्या नॉरसेट परीक्षेत 80 टक्के जागा बायकांना आणि 20 टक्के पुरुषांना आहेत. जीएनएमवाल्याला तिथे निदान 50 खाटांच्या रुग्णालयातला 2 वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो नर्स झाल्यानंतरचा. ॲम्ब्युलन्सवरची वर्षं तिथेही धरत नाहीत. जर्मनीचं खूळ डोक्यात असेल, तर 2024 साली आपल्या राज्यानं बाडेन-वुर्टेमबर्गशी मनुष्यबळाचा करार केलाय हे खरं, पण तिकडे नर्स म्हणून मान्यता मिळवायला रीतसर शिक्षण आणि बी-टूपर्यंतचं जर्मन लागतं. ‘पी हळद अन् हो गोरी’ तिथेही नाही.

तेव्हा आता मी सांगते तसं कर. कॉलेज कुठलंही असो, आधी त्याची मान्यता इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, दोन्हींच्या यादीत स्वतः बघायची. एजंटाच्या मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. बारावीला बायोलॉजी होती ना तुला? मग आधी सीईटीचा फॉर्म, ससूनच्या सरकारी नर्सिंग कॉलेजावर डोळा ठेवून. नाहीच जमलं तर जीएनएम. तीन वर्षं पूर्ण वेळ, ॲम्ब्युलन्स सुट्टीपुरती. फीसाठी शेत गहाण टाकायच्या गप्पा बंद. आधी महाडीबीटीवर कुठली शिष्यवृत्ती लागू होते ते बघायचं. वडिलांना मी समजावते, ते माझ्याकडे सोड.

उद्या सकाळी आठला बारावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला घेऊन ये. येताना वही आण, थेंबांची दहा गणितं करून. मोबाइल घरी ठेवायचा.