गोधडीवर कोणाचं नाव?



आजचं वाचन गीतेच्या अठराव्या अध्यायातलं, श्लोक १३ ते १६. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, हा तो भाग. दरवर्षी वाचतो, मान डोलावतो, पुढं जातो. यंदा मात्र अडकलो, आणि अडकलो ते एका फालतू वाटणाऱ्या प्रश्नात: गोधडीच्या लेबलवर काय लिहायचं?

आमचं गाव केशोरी. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका, थोडं पुढं गेलं की गडचिरोलीची हद्द. विदर्भातल्या माणसाला केशोरी म्हटलं की मिरची आठवते, पुण्यातल्या माझ्या मित्रांना काहीच आठवत नाही. मागच्या वर्षी आजी गेली. तिच्या वर्षश्राद्धाला पाचही नातवंडांना तिच्या लुगड्यांची एकेक गोधडी द्यायची, असं आईनं ठरवलं. वरून आजीची लुगडी, आत घरातली जुनी धोतरं आणि चादरी. धान निघाल्यावर सपरीत बैठक मांडली. आई आणि शेजारच्या दोघी काकू. काकूंना रोजाप्रमाणे मजुरी.

माझा वाटा काय, तर दोऱ्याचे आणि मजुरीचे पैसे पाठवले. पण इंजिनिअर माणूस तेवढ्यावर स्वस्थ बसेल का? मी लेबलं डिझाइन केली. सॅटिनची पट्टी, त्यावर 'आजीच्या आठवणीत, आईच्या हातची', खाली माझं आणि बायकोचं नाव, आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. स्कॅन केलं की आजीच्या फोटोंचा अल्बम उघडेल. (हसू नका. तेव्हा भारी वाटलं होतं.)

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तर पाच मिनिटांत आईचा फोन.

"बाबू, हे खोटं आहे."

"काय खोटं?"

"आईच्या हातची कायची? माह्या हातचे दोन-चार दोरे असतील एकेकीत. बाकी सारं या दोघीनंच शिवलं."

"मग काय लिहू?"

"नाव कायले पायजे? पांघरणारा का नाव वाचत बसते?"

मला हे एकदम पटलं. इतकं पटलं की त्याच रात्री मी एक पोस्ट लिहायला घेतली. सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगितलंय: द्यायला हवं म्हणून दिलेलं, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं. बिननावाची गोधडी म्हणजे सात्त्विक दान, असा माझा सिद्धांत. चांगली सजवली होती पोस्ट. ती अजून ड्राफ्टमध्येच आहे.

कारण दोन दिवसांनी आईच्या फोनवरून थोरल्या काकू बोलल्या. आधी तब्येत, पाऊस, पोरं. मग हळूच म्हणाल्या, "नावं टाकत असान तं माह्यं टाका ना. माहेरचं."

लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. आपल्याकडे तांदळात नवं नाव लिहितात, तसं. माहेरच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही, चाळीस वर्षं झाली असतील, असं त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती आवाजात. ते नाव मी इथं लिहीत नाही, ते गोधडीवर आहे.

आता माझी पहिली प्रतिक्रिया प्रामाणिकपणे सांगतो. मनात आलं, अरे, हा तर अहंकार! निष्काम कर्माचं काय? चुलत भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "मजुरी दिली ना, मग नाव कशाला?" हे वाक्य मात्र टोचलं. मलाही दर महिन्याला पगार मिळतो. म्हणून मी लिहिलेल्या कोडवरचं माझं नाव पुसलेलं मला चालतं का? आमच्या गिटमध्ये तर प्रत्येक बदलाला दोन वेगळी खाती असतात: ज्यानं मूळ काम केलं तो ऑथर, आणि ज्यानं ते नोंदवलं तो कमिटर. दोघं एकच असतीलच असं नाही, हे सॉफ्टवेअरलाही कळतं. माझ्या लेबलमध्ये ऑथर गायब होते आणि पैसे देणारा ठळक अक्षरांत होता.

म्हणून पुन्हा अठराव्या अध्यायाकडे गेलो. पाच कारणं: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. गोधडीला लावून पाहिली. अधिष्ठान म्हणजे आधार: आजीची लुगडी, आमची सपरी. कर्त्या त्या दोघी आणि थोडी आई. करण म्हणजे सुई, दोरा, आणि काकूंचे डोळे, जे आता दगा देतात म्हणून सुई आई ओवून देते. चेष्टा म्हणजे एकामागून एक हजारो धावदोरे. आणि दैव, म्हणजे ज्याचा हिशेब आपल्याकडे नाही ते सगळं. सोळावा श्लोक म्हणतो, एवढं असूनही जो फक्त स्वतःला कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. (शंकराचार्यांच्या भाष्यात इथल्या 'केवल'चा अर्थ शुद्ध आत्मा असा खोल जातो. मी घेतोय तो साधा अर्थ. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.)

हा श्लोक मी आजवर 'श्रेय घेऊ नका' असा वाचत आलो. पण त्यात नावं पुसायला कुठं सांगितलंय? पाचजण असताना एकालाच पाहणाऱ्याला तो आंधळा म्हणतो. माझं पहिलं लेबल त्या आंधळेपणाचं होतं. आणि दुसरं, ते कोरं लेबलही तेवढंच आंधळं होतं, फक्त दिसायला विनम्र.

संतांनीही नावं पुसली नाहीत. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असतेच. एकनाथ महाराज स्वतःच्या नावाला गुरूंचं, जनार्दनस्वामींचं नाव जोडूनच सही करतात. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ या सालाबरोबर ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव येतं. १२९० सालचा कमिटर म्हणा! आमच्या विदर्भातले तुकडोजी महाराज मूळचे माणिक. आडकोजी महाराजांनी 'तुकड्या' नाव दिलं, तर भजनांत तीच मुद्रा ठेवली. गोधडीच्या पोस्टमध्ये हे नाव यावं, याची मला गंमत वाटते.

पण मी थांबलो जनाबाईपाशी. नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, झाडलोट तिच्या वाट्याला. ती स्वतःला नामयाची जनी म्हणवते, म्हणजे मालकाचं नाव आधी लावते, हे खरं. पण स्वतःचं गाळत नाही. आणि सोबत दळणाऱ्या विठ्ठलाचंही नाव घेते. जात्याच्या एका खुंट्यावर तिचा हात, शेजारी त्याचा. तिची सही अहंकार आहे असं आपण कुणी म्हणत नाही. जनीनं नम्रतेपोटी नाव गाळलं असतं तर आज आपल्याला ती ठाऊकच नसती. 'नामदेवांच्या घरची एक मोलकरीण', एवढंच.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, पुष्पनगर अशा बंगाली वसाहती आहेत. बंगालच्या कांथा म्हणजे आपल्या गोधडीचीच बहीण, जुन्या साड्यांचे थर आणि धावदोरा. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातली एक कांथा आहे, मानदासुंदरी नावाच्या बाईनं वडिलांसाठी केलेली. तिनं तसं त्या कापडावरच दोऱ्यानं लिहून ठेवलंय. लेबल वेगळं लावलंच नाही.

माझं नाव मी काढलं तर त्याला त्याग म्हणता येईल. काकूंचं नाव मी काढलं तर त्याला काय म्हणायचं? दुसऱ्याच्या वाटची नम्रता आपण परस्पर कशी दाखवणार?

म्हणून धाकट्या काकूंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "माह्यं नको जी." लेकीचं सासर तालुक्याला आहे. आई मजुरीनं गोधड्या शिवते हे तिकडं कळायला नको. मी मजुरीत लाज कसली वगैरे सुरू करणार होतो, तेवढ्यात आईनं फोन काढून घेतला. बरं केलं. नाव हवं म्हणणं जेवढं काकूंचं, तेवढंच नको म्हणणंही काकूंचं.

मग माझं आणि बायकोचं नाव काढलं. सोपं गेलं असं म्हणणार नाही. दिलेली वस्तू पाहून घेणाऱ्याला दरवेळी देणारा आठवावा, ही इच्छा म्हणजे परतफेडच की, आणि तिला गीता राजस म्हणते. बायको म्हणाली, "नाव काढलंस खरं, पण ब्लॉगवर लिहिशीलच." लिहितोय. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सॅटिनच्या पट्ट्या रद्द झाल्या, क्यूआर कोडही. शेवटी मजकूर असा ठरला: लुगडी आजीची, तिच्या नावासकट. टाके थोरल्या काकूंचे, माहेरच्या नावानं, 'आणि एका मैत्रिणीचे'. केशोरी, पौष. थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. ही शेवटची ओळ आईची. तिला विचारलं, तुझं नाव? म्हणाली, "सुई ओवणाऱ्याचं का नाव असते?" यावर आमचं भांडण अजून चालू आहे.

अक्षरं काकूंनी स्वतःच शिवली. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून आईनं खडूनं काढून दिली आणि त्यांनी त्यावरून लाल दोरा नेला. पहिल्या गोधडीवरच्या नावाला अख्खी दुपार लागली, आणि एक वेलांटी उलटी आली. उसवू का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, राहू द्या. ती गोधडी मी मागून घेतली आहे.

राम कृष्ण हरी!