रंग कुणी नेला?



दृष्टांत चांगला असला की सिद्धांत श्रोत्यांच्या मनात चटकन उतरतो. पण दृष्टांतच खोटा निघाला तर? मी पुष्कळ वर्षे कीर्तनात सांगत आलो की, गुहेतल्या माशाने उजेडाकडे पाठ फिरवली म्हणून त्याचा रंग गेला. नामाकडे पाठ फिरवणाऱ्या जीवाचेही तसेच होते. टाळकरी माना डोलवीत. जीवशास्त्र शिकलेला नातू परवा हे ऐकून म्हणाला, "आजोबा, ते असं होत नाही."

त्याने सांगितले ते असे. मेक्सिको देशात चुनखडीच्या डोंगरांत काळोख्या गुहा आहेत. तिथल्या डोहांत बोटाएवढा आंधळा मासा असतो; १९३६ साली शास्त्रज्ञांनी त्याची प्रथम नोंद केली. त्याचेच भाऊबंद बाहेर नदीत डोळस, रुपेरी अंगाने फिरतात. पाचोन आणि मोलिनो या दोन गुहांतला मासा तर अगदी पांढरा. काळा रंग तयार होण्यासाठी लागणारे ओसीए-२ नावाचे जनुक त्याच्यात मोडलेले आहे. गंमत अशी की पाचोनच्या माशात त्याचा एक तुकडा गळलेला, मोलिनोच्या माशात दुसराच. म्हणजे एकच वाट दोन ठिकाणी वेगवेगळी मोडली.

अंधाराने ती मोडली नाही. अशी मोडतोड उजेडातही होतच असते. पण नदीत पांढरे पिल्लू भक्षकाच्या नजरेत भरते. गुहेत पाहणाराच कोणी नाही, म्हणून ते वाचते, आणि पुढे त्याला पिल्ले होतात. रंग न करण्यात माशाचा काही लाभही असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. तो वाद त्यांचा. माशाने मात्र कशाकडेही पाठ फिरवली नव्हती.

इथपर्यंत मी हसत ऐकत होतो. पुढचे ऐकून गप्प झालो. पांढरा मासा आणि नदीतला मासा यांची पिल्ले रंगीतच होतात. पण त्या रंगीत पिल्लांची आपसात जोडी लावली, तर त्यांच्या संततीत साधारण चौथा हिस्सा पांढरा निघतो. आईबाप दोघेही रंगीत. दोघांजवळ मोडलेली एकेक प्रत, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. हेच जनुक माणसातही आहे. त्याच्या दोन्ही प्रती मोडल्या की मूल पांढऱ्या केसांचे, पांढऱ्या कातडीचे होते. (लोक त्याला कोड समजतात. कोड वेगळे.)

एका सप्ताहात काल्याच्या कीर्तनानंतर एक बाई असेच मूल घेऊन पाया पडायला आली होती. उन्हात त्याचे डोळे मिटत होते. "महाराज, हे कशाचं फळ?" तिने विचारले. मी म्हणालो, "पूर्वसंचित, माउली." तिने पदर डोक्यावर ओढला आणि निघून गेली.

कर्मसिद्धांत मी आजही मानतो. पण कर्माची गती गहन आहे, असे शास्त्रच सांगते. आणि मी मात्र त्या बाईची चोपडी उघडून वाचल्यासारखा बोललो. तिने काय केले होते? पांढरी प्रत तिच्याजवळ होती तशी नवऱ्याजवळही असणार. पदर तिनेच ओढला. सिद्धांत खरा असला, तरी तो दुसऱ्याच्या लेकरावर बोट ठेवून सांगण्याचा अधिकार मला कुणी दिला होता? स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणणे ही शरणागती. दुसऱ्याच्या दुःखाला तेच म्हणणे हा त्याच्यावर चढवलेला आरोप. चाळीस वर्षे निरूपण करून मला हा भेद तिच्यासमोर सुचला नाही.

नातवाने शेवटी आणखी एक सांगितले. त्या पांढऱ्या माशाच्या अंगात रंग करणाऱ्या पेशी शाबूत असतात. फक्त पहिली पायरी अडलेली असते. डोपा नावाचे द्रव्य त्यांना बाहेरून मिळाले, की त्यांच्यात काळा रंग उतरतो. पंढरीच्या सावळ्याला रोज डोळे भरून पाहणाऱ्या मला हे ऐकून भरून आले.

त्या बाईचे गाव आठवत नाही. सप्ताहांच्या जुन्या वह्या माळ्यावरून काढल्या आहेत. एकेक पान उलटतो आहे.