काचेच्या घरातला शेजार

येवगेनी झाम्यातिनच्या ‘आम्ही’ या रशियन कादंबरीत सकाळ सगळ्यांची एकाच मिनिटाला होते. एकराज्याचे लाखो रहिवासी एकदम उठतात, एकदम जेवायला बसतात आणि प्रत्येक घास नेमून दिल्याप्रमाणे पन्नास वेळा चावतात. नाव कुणालाच नाही. निळसर करड्या गणवेशावर सोनेरी बिल्ला आणि त्यावर क्रमांक, एवढीच ओळख. घरं काचेची. गुलाबी चिठ्ठी मिळाली तर तेवढ्या वेळापुरते पडदे ओढायची मुभा. १९२०-२१च्या सुमारास हे लिहिणारा झाम्यातिन पेशाने जहाजबांधणीतला इंजिनियर होता. पहिल्या महायुद्धात बर्फ फोडणारी रशियन जहाजं बांधून घ्यायला तो इंग्लंडात न्यूकॅसलला राहून आला होता. कामगाराची हालचाल घड्याळ लावून मोजणाऱ्या अमेरिकेतल्या टेलरला त्याचं एकराज्य थोर द्रष्टा मानतं. तेव्हा हा टोला एकट्या बोल्शेविकांना होता असं समजायचं कारण नाही. कारखान्याच्या भोंग्यालाही तो होताच.

अशा कादंबऱ्या आपण ‘व्यक्ती विरुद्ध समूह’ म्हणून वाचतो. वादविवाद स्पर्धेला हा विषय फार सोयीचा. पण एकराज्यात समूह आहे तरी कुठे? शेजारी काय करतोय ते काचेतून दिसतं, पण त्याच्याकडे मीठ मागायला कुणी जात नाही. आईबाप नाहीत, भावंडं नाहीत, चार टाळकी जमून कुणाला नावं ठेवतील असा कट्टा नाही. प्रत्येक जण थेट एकराज्याच्या प्रमुखाला, म्हणजे सर्वोच्च हितकर्त्याला बांधलेला. इतकी सुटी सुटी माणसं मला दुसऱ्या पुस्तकात क्वचितच भेटली.

कादंबरीतली खरी बंडखोरी मला ओ-९० या गोलमटोल, साध्या बाईत दिसते. ती ठरवून दिलेल्या मापापेक्षा दहा सेंटिमीटरने बुटकी, म्हणून तिला आई व्हायची परवानगी नाही. तरीही ती डी-५०३कडून मूल मागून घेते. हा डी-५०३ कादंबरीचा निवेदक, गणिती, अंतराळयानाचा मुख्य बांधणीकार. तो गुंतलाय आय-३३०मध्ये. दारू-सिगारेट पिणारी, नियम मोडणारी, कुणाच्याही मुठीत न मावणारी बाई. ओचं पोट दिसू लागलं की मरण ठरलेलं. तिला एकराज्याला वेढणाऱ्या हिरव्या भिंतीपलीकडे पोचवू शकेल अशी एकच व्यक्ती, ती म्हणजे तिची सवत म्हणावी अशी ही आय-३३०. तिचे उपकार ओ आधी साफ नाकारते. पुढे मात्र पोटातल्या जिवासाठी तिच्याच वाटेने जाते, आणि सुटते. डी-५०३च्या रोजनिशीत ‘मी’ कसा उगवतो यावर समीक्षकांनी भरपूर लिहिलंय. मला विचाराल तर एकराज्याचा पराभव या दोन बायकांच्या व्यवहारात झाला.

आणि तो ‘मी’? शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्ती काढून टाकल्यावर डी-५०३ शांतपणे सगळ्यांची नावं सांगून मोकळा होतो. त्याच्यासमोर आय-३३०ला काचेच्या घंटेखाली बसवून आतली हवा काढली जाते, पुन्हा पुन्हा. ती तोंड उघडत नाही. साऱ्या पुस्तकातली सर्वांत स्वतंत्र बाई दुसऱ्यांसाठी गप्प राहते. वादविवादाच्या फळ्यावर तिला कोणत्या बाजूला बसवायचं?

ई. एम. फॉर्स्टरने तर १९०९मध्येच ‘द मशीन स्टॉप्स’ लिहून दाखवून दिलं होतं की माणसं अशी सुटी करायला हितकर्त्याचीही गरज नाही. त्या गोष्टीत जमिनीखाली एकेका खोलीत एकेक माणूस. बटण दाबलं की जेवण, संगीत, व्याख्यान. गणवेश नाही, कवायत नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असलेला मुलगा पडद्यावरून आईला म्हणतो, प्रत्यक्ष येऊन भेट. आणि आईला ती कल्पनाच नकोशी वाटते. इथे ‘मी’चा पूर्ण विजय झालाय, आणि माणसाला मान वर करायची इच्छाही उरलेली नाही.

आयन रँडचं ‘अँथम’ (१९३८) उलट बाजूचं निशाण म्हणून फडकवतात. हरवलेला ‘मी’ सापडल्याचा तिच्या नायकाचा जल्लोष मला जरा कर्कश वाटतो. पण डोंगरातलं घर मिळाल्यावर, शहरात मागे राहिलेल्या मित्रांना घेऊन यायचे बेत तोही करतोच. रँडबाईंनी त्यावर फार बोट ठेवलेलं नाही, एवढंच.

झाम्यातिनचं स्वतःचं काय झालं? क्रांतीनंतर पेत्रोग्राडमध्ये तो तरुण लेखकांना शिकवत असे. त्यातून मित्रांचं एक मोकळंढाकळं टोळकं उभं राहिलं. ‘आम्ही’ मात्र मायदेशी छापता आली नाही. परदेशात आली म्हणून १९२९मध्ये लेखक संघटना त्याच्यावर तुटून पडली. त्याने राजीनामा दिला. १९३१मध्ये देश सोडायची परवानगी मागणारं पत्र त्याने थेट स्टालिनला लिहिलं. एकट्या माणसाचं असलं पत्र एरवी बहुधा फायलीत, नाहीतर लेखकासकट तुरुंगात गेलं असतं. पण लेखक मॅक्सिम गॉर्कीने त्याच्यासाठी शब्द टाकला आणि झाम्यातिन पॅरिसला पोचला.