परतीचे तिकीट

सेवा करायला निघालेल्या माणसाच्या खिशात परतीचे तिकीट असेल, तर त्या सेवेची किंमत कमी होते काय? आपल्याकडे सेवा म्हटली की जन्मभराचे व्रत डोळ्यांपुढे येते. तीन आठवड्यांची सेवा ही कल्पनाच आपल्याला सहलीसारखी वाटते.

सुरतेच्या प्रसूतिगृहांत परिचारिका म्हणून माझे आयुष्य गेले. आता मी निवृत्त आहे. माझ्याबरोबर काम केलेले एक वयस्क डॉक्टर दांपत्य टांझानियाच्या खेड्यांत जाऊन तिथल्या नर्सना नवजात बाळाचा श्वास सुरू करायला शिकवणार आहे. मुदत तीन आठवडे, त्यांतले चार दिवस हत्ती-सिंह पाहण्यासाठी राखून ठेवलेले. ‘सिस्टर, तुम्हीही चला,’ असा त्यांचा आग्रह. मुलगा म्हणाला, ‘आई, फिरायला जायचे तर खुशाल जा, त्याला सेवेचा मुलामा कशाला?’ शेजारच्या वहिनींचा प्रश्न आणखी नेमका होता : ‘आपल्या लिंबायतमधली बाळंतपणे संपली वाटते?’

असे जाणारे जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाची निवृत्त जोडपी स्वखर्चाने काही महिन्यांसाठी, कधी दोन वर्षांपर्यंतही ‘मिशन’वर जातात आणि त्यांच्यातले डॉक्टर-नर्स हेच शिक्षण देतात. जुना मिशनरी मात्र राहायलाच येई. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले आणि सुमारे चाळीस वर्षे या देशात काढली. डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर १९१३ साली आफ्रिकेतल्या लांबारेने गावी गेले आणि १९६५ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. त्याग दोघांचाही मोठा. पण वानलेस यांनी १८९७ सालापासूनच मिरजेत इथल्या तरुणांना वैद्यक शिकवायला घेतले. श्वाइट्झर यांच्यावर मात्र, त्यांनी आफ्रिकी डॉक्टर घडवण्याकडे लक्ष दिले नाही, अशी टीका झाली. म्हणजे केवळ दीर्घ मुक्कामाने प्रश्न सुटत नाही. आपण गेल्यावर मागे कोणाचे हात तयार राहतात, हे पाहावे लागते.

माझ्या कामातले उदाहरण घ्या. जन्मलेल्या शंभर बाळांपैकी सुमारे दहांना पहिला श्वास घेण्यासाठी थोडीफार मदत लागते. बाळ कोरडे करायचे, पाठ चोळायची, आणि तरी रडले नाही तर पिशवी-मुखवट्याने हवा द्यायची. हे सारे पहिल्या मिनिटात. विद्या लहान आहे, बाहुलीवर एक-दोन दिवसांत शिकवता येते. टांझानियातल्या आठ रुग्णालयांत असे शिक्षण दिल्यावर पहिल्या चोवीस तासांतले बालमृत्यू ४७ टक्क्यांनी घटले, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. पण त्याच देशातल्या हायडोम गावच्या रुग्णालयाने त्याच सुमारास दुसरी गोष्टही नोंदवली. एका दिवसाच्या वर्गानंतर नर्स बाहुलीवर उत्तम करून दाखवत. खऱ्या बाळापुढे त्यांच्या कामात फरक पडला नव्हता. पुढे तिथल्याच लोकांनी वॉर्डात वरचेवर, थोडा थोडा वेळ सराव सुरू ठेवला, तेव्हा मृत्यू कमी झाले.

मला यात सगळे उत्तर दिसते. पाहुणा विद्या आणू शकतो, पण ती जिवंत ठेवतो तो तिथे राहणारा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायांनाच नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. ती बाई परतणार तरी कुठे? तिचे घर त्याच गल्लीत.

सुरतकरांना हे सांगायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने लाखो माणसे गाव सोडून गेली, कित्येक खासगी दवाखान्यांना कुलुपे लागली. भ्यालेल्यांना मी दोष देत नाही. पण सरकारी रुग्णालयात आणि कचऱ्याच्या ढिगांवर जे राबत राहिले, त्यांच्याच बळावर शहर उभे राहिले.

मग फिरण्याच्या हौसेचे काय? काशीला जाणारा माणूस घाट डोळे मिटून पाहत नाही. आनंद झाला म्हणून पुण्य उणे होत नाही. उणे होते ते मोबदला मागितल्याने. औषधाच्या बदल्यात कोणी धर्म मागतो, कोणी मत मागतो. आजकाल पुष्कळजण फोटो मागतात. आजारी मूल कडेवर घेऊन काढलेला तो फोटो त्या मुलाच्या आईला विचारून काढलेला असतो का?

म्हणून मी त्या दांपत्याला माझ्या अटी लिहून दिल्या आहेत. शिकवण्याची बाहुली आणि पिशवी तिथेच ठेवून यायची. आपण आल्यावर दर आठवड्याला सराव कोण घेणार, त्या व्यक्तीचे नाव आधी ठरायचे. आणि थोडी स्वाहिली शिकून जायचे. त्या भाषेत आईला ‘मामा’ म्हणतात, हे ऐकून घरात हशा पिकला. पण सुरतेच्या लेबर रूममध्ये गुजराती, अहिराणी, ओडिया बोलणाऱ्या बायकांबरोबर मी हेच शिकले : कळा देणाऱ्या बाईला तिच्या भाषेतला एक शब्दही हात धरल्यासारखा वाटतो. या अटी मान्य झाल्या तर मी जाईन आणि सिंहही पाहीन.

वहिनींचा प्रश्न मात्र आपल्या सर्वांसाठी उरतो. डांग, नवापूर, नंदुरबारकडे आपली शहरातली आणि परदेशातली मंडळी हौसेने आरोग्य शिबिरे भरवतात. मांडव पडतो, रांगा लागतात, संध्याकाळी गाड्या परत निघतात. लिंबायत काय किंवा टांझानिया काय, अंतराने नीती बदलत नाही. यंदा आपल्या तालुक्यात असे शिबिर भरले, तर उद्घाटनाला कोण येणार हे नंतर विचारावे. आधी विचारावे, पुढच्या आठवड्यात इथे कोण बसणार आहे?